पाटलिणीचं अंडं

"पुढच्या आखाडात या घरात विकतचं काही शिजणार नाई! अंडं घरचं, कोंबडी घरची अन् रस्साबी घरचा!"

भगवंतरावांनी ही घोषणा केली ती गिरणीच्या दारात उभं राहून, आणि गिरणी चालू असताना. त्यामुळे ती गिरणीत कुणालाच ऐकू गेली नाही आणि गावात मात्र सगळ्यांना गेली! उभं आयुष्य पिठाच्या गिरणीच्या इंजिनाशेजारी गेल्यामुळे हळू कसं बोलतात हेच भगवंतराव विसरून गेले होते. जेवताना त्यांनी मीठ मागितलं की नाल्यापलीकडच्या घरातल्या बाया आपापल्या बरण्या उघडून बघायच्या.

महाराष्ट्र राज्य नवं होतं, पंचायत समित्या तर त्याहून नव्या. सगळ्या साहेब लोकांना खेड्यापाड्यांत जाऊन काहीतरी सुधारून टाकायची घाई झाली होती. असेच एक साहेब जवळच्या देऊळगाव राजाला येऊन कोंबडीपालनावर बोलून गेले. लाल रंगाची एक विलायती जात आहे, ती अंडीही भरपूर देते आणि अंगानंही भरते, एका खुराड्यात दुहेरी फायदा, असं त्यांनी सांगितलं. जातीचं नावही सांगितलं. भगवंतरावांना ते 'रोडालाल' असं ऐकू आलं. ते पहिल्याच रांगेत बसले होते. टाळ्याही सगळ्यात जास्त त्यांनीच वाजवल्या.

"अवो, पण कोंबड्यायचं तुमाले काय कळते?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

"त्यात कळायचं काय? गिरणीतली सांडलवंड खातील, अंडी देतील! जी अंडं देईल ती जगंल, जी देणार नाई ती शिजंल. कायदा म्हंजे कायदा!"

"अन् कोंबड्यायले हा कायदा कोण सांगणार?"

कायदा करणाऱ्याला असले प्रश्न ऐकू येत नसतात.

खरं सांगायचं तर या कोंबड्यांमागे अंड्यांपेक्षा वरण जास्त होतं. लेकीच्या, आशाच्या, लग्नात ऐन पंगतीला भलतंच वऱ्हाड वाढलं आणि आचाऱ्यानं घाबरून वरणात घागर ओतली. नवरदेवाचे वडील गुलाबराव मेहकरकडचे. त्यांनी तेव्हा मिशीत हसून वरण संपवलं आणि घरी गेल्यावर सगळ्या तालुक्याला सांगितलं, "आमच्या व्याह्याचं वरण लई निर्मळ! ताटात वाकून पाह्यलं तर टोपी नीट करता येते!" तिकडे सासरी आशानं वरणाला फोडणी दिली की कुणीतरी म्हणायचंच, "सूनबाई, माहेरच्यासारखं नको हो!" आशा बिचारी एकदा हे आईला सांगून रडली होती. ते भगवंतरावांनी ऐकलं होतं. बाकी काही ऐकू न येणाऱ्या माणसाला हे मात्र नेमकं ऐकू आलं.

तेव्हा व्याह्यांना आखाडीला बोलवायचं आणि असा रस्सा पाजायचा की मेहकर तालुक्यात पुन्हा वरणाचं नाव निघू नये, असा बेत ठरला.

पिल्लं आली. लाल, गुबगुबीत, दिवसभर चिवचिव. भगवंतरावांनी खुराडं बांधलं, त्याला मुंगूस शिरू नये म्हणून जाळी ठोकली, मानमोडी येऊ नये म्हणून डॉक्टरला बोलावून सगळ्यांना सुया टोचून घेतल्या. अंडी घालायला गव्हाच्या काडाची पेटी केली आणि कोंबड्यांना जागा कळावी म्हणून तीत खडूचं एक अंडंही ठेवलं. ते अंडं इतकं बेमालूम होतं की पहिल्या दिवशी रुक्मिणीबाईंनी ते उकडायला टाकलं.

उन्हाळ्यात खरी अंडी सुरू झाली. भगवंतराव सकाळी अंडं हातात धरून गिरणीत यायचे आणि दळणाला आलेल्या प्रत्येकाला ते कानाशी हलवून दाखवायचे. सगळं कसं बेतशीर चाललं होतं. फक्त एक कोंबडी सोडून.

ही कोंबडी सगळ्यांत थोराड. दाण्यांवर पहिली चोच हिची. खाऊन झालं की मान ताठ करून, एकेक पाय मोजून टाकत ती जी बाहेर पडायची, ती गावभर फिरून संध्याकाळीच परत. पेटीकडे ढुंकूनसुद्धा बघायची नाही! तिचा तो तोरा बघून रुक्मिणीबाईंनी घरातल्या घरात तिचं नाव ठेवलं होतं, 'पाटलीण'. गावात पोलीस पाटील नारायणराव होते, त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई होत्या, आणि त्यांची चाल... जाऊ द्या. नाव घरातल्या घरात होतं.

"हिनं आजवर एक अंडं दिलं नाई," भगवंतराव म्हणाले. "आखाडीले हीच!"

"तिच्यावरच काऊन डोळा तुमचा? कोंबडा कापा की."

"कोंबडा कळपाचा मालक हाये! मालकाले कापते का कोणी?"

रुक्मिणीबाईंनी मालकाकडे एकदा नीट पाहिलं आणि चुलीकडे वळल्या.

आखाड सरत आला. श्रावण लागला की घरात मांसमच्छी बंद, म्हणून भगवंतरावांनी घाईनं निरोप धाडला. मेहकरच्या गाडीवर निवृत्ती नावाचा कंडक्टर होता, ओळखीतला. "आमचे जावई सहदेवराव मेहकरच्या स्टँडावर भेटतीन. त्याईले सांगजो, बुधवारी वडलाले घेऊन कोंबडी खायले या. आशालेबी पंचमीसाठी संगं आणा." निवृत्तीनं निरोप पोचवला. सहदेवकडून उलटा निरोप आला, येतो.

बुधवार उजाडला. गिरणीत गर्दी होती. कडूबा नावाचा भगवंतरावांचा जुना गडी जात्यात धान्य ओतत होता. भिंतीपाशी बाया दळणाचे डबे घेऊन बसल्या होत्या आणि त्यांच्यात खुद्द सत्यभामाबाई पाटलीणही ज्वारी दळायला आल्या होत्या. भगवंतरावांना कोंबडी कापायचा धीर होत नव्हता. कायदा करणं वेगळं आणि विळा धरणं वेगळं. म्हणून त्यांनी दारातूनच कडूबाला हाक मारली. कडूबानं कानाला हात लावला. भगवंतरावांनी आवाज चढवला. कडूबानं दुसऱ्या कानाला हात लावला. भगवंतरावांनी छाती भरून श्वास घेतला, आणि नेमका त्याच क्षणी इंजिनाचा पट्टा उतरला!

गिरणी गप्प झाली. त्या शांततेत भगवंतरावांचा आवाज गरजला:

"पाटलिणीची मान मुरगळून टाक आजच्या आज! नुसती बसून खाते, गावभर हिंडते, अन् चालते कशी तर जसं काही गाव तिच्या बापाचं! तुह्यानं होत नसंल तर मी येतो विळा घेऊन!"

उडालेलं पीठसुद्धा हवेत थबकल्यासारखं झालं.

सत्यभामाबाई उठल्या. पदर खोचला. ज्वारी अर्धी जात्यात होती, अर्धी डब्यात. दोन्हींकडे न बघता त्या बाहेर पडल्या. बाईमाणूस दळण टाकून गेलं म्हणजे प्रकरण साधं नाही, हे कडूबालाही कळलं.

"मालक," तो म्हणाला, "तुमी आता घरी जा. नाई तर सरळ शेगावले जा दर्शनाले. आठ दिवस येऊ नका."

भगवंतराव घरापर्यंत पोचले तोवर नारायणराव पाटील फेटा बांधत, हातात काठी घेऊन अंगणात हजर होते. मागे निम्मं गाव.

"भगवंतराव! कोणाची मान मुरगळून राह्यले तुमी?"

"पाटील, ते... कोंबडी हाये हो ती!"

"माह्या बायकोले कोंबडी म्हणता?"

"नाई नाई नाई! बायकोले कोंबडी नाई म्हणत! कोंबडीले पाटलीण म्हणतो!"

"अन् ते बरं हाये?" पाटलांनी काठी जमिनीवर आपटली.

आपण बोलतो तितकं प्रकरण चिघळतं, हे भगवंतरावांना कळत होतं. पण गप्प बसायची सवय नव्हती. "पाटील, हे नाव मी नाई ठेवलं. घरातून ठेवलंय."

दारात उभ्या असलेल्या रुक्मिणीबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की आखाडीला नेमकं कोण शिजणार, याबद्दल काही लोकांना शंका आली.

"दाखवा ती कोंबडी," पाटील म्हणाले. "माह्यापुढं आणा. खरंच कोंबडी असंल तर सोडतो. नसंल तर पंचायत बसवतो."

खुराड्यात सगळ्या लाल कोंबड्या होत्या, कोंबडा होता, खडूचं अंडं होतं. पाटलीण नव्हती! नेहमीसारखी फिरायला गेलेली. भगवंतराव कणगीमागे वाकले, लाकडाच्या ढिगात शिरले, "पाटलीण! ये पाटलीण! आ आ आ!" अशा हाका मारू लागले. त्यानं तर पाटील आणखी लाल झाले.

आणि नेमक्या याच वेळी दारात स्टँडवर धाडलेली बैलांची दमणी येऊन उभी राहिली. दमणीतून आधी बांबूचं एक भलंमोठं रिकामं डालगं उतरलं, त्यामागून गुलाबराव, मग सहदेव आणि मग आशा. गुलाबरावांनी पाहिलं: अंगणात पोलीस पाटील काठी घेऊन उभे आणि व्याही लाकडाच्या ढिगाखाली, फक्त पाय दिसताहेत.

"काय झालं? चोरी?" गुलाबरावांनी विचारलं.

"पाटलीण हरवली," गर्दीतून कुणीतरी सांगितलं.

"अरेरे!" गुलाबराव पाटलांजवळ गेले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "भेटंल हो. कोणाच्या संगं गेली?"

पाटील आता काठी उचलणार, इतक्यात पलीकडून आवाज आला. "पक् पक् पक् पकाSSक!" अंडं घातल्यावर कोंबडी गावाला जे जाहीर करते, तोच आवाज. आणि तो येत होता थेट पाटलांच्या गोठ्यातून!

सगळी मिरवणूक गोठ्याकडे निघाली. पुढे भगवंतराव, मागे पाटील, त्यामागे नुकतेच आलेले पाहुणे. गोठ्यात कडब्याच्या गंजीवर लाल कोंबडी मान ताठ करून उभी होती, आणि गंजीत कोपरापर्यंत हात घालून खुद्द सत्यभामाबाई उभ्या होत्या. हात बाहेर आला तेव्हा त्यात एक ताजं, तांबूस अंडं होतं.

"हे... हे आमचं हाये," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"तुमच्याकडं कोंबड्या कुठी हायेत, वहिनी?" रुक्मिणीबाईंनी गोड आवाजात विचारलं.

गोठ्यातला बैल शिंकला.

पाटलांनी हळूच बायकोला विचारलं, "म्हंजे मी रोज सकाळी जे आमलेट खातो..."

"देवानं आणून दिलं असं वाटलं मले! रोज एक, त्याच जाग्यावर! देवाचं देणं परत करते का कोणी?"

नारायणरावांची काठी हळूहळू खाली आली आणि शेवटी कडब्याला टेकून उभी राहिली. "भगवंतराव," ते म्हणाले, "नाव तसं काही वाईट नाई. कोंबडी दिसतेबी घरंदाज." भगवंतरावांनी जिंकल्यासारखा चारी दिशांना नमस्कार केला. कोंबडी अंडं देते हे सिद्ध झालं होतं. आता आखाडीला कोंबडा कापायचा, मालक असो की मालकाचा बाप!

पण त्यांच्या मागून गुलाबराव पुढे झाले. त्यांनी कोंबडीला दोन्ही हातांनी उचलून वजनाचा अंदाज घेतला. "वा व्याही! अशीच हायेत का सगळी? चाला, हिलेच पयले घालू डालग्यात."

"डालग्यात? काऊन?"

"काऊन म्हंजे? न्यायले! तुमीच तर निरोप धाडला ना, बुधवारी कोंबड्या न्यायले या. जावयाले कोंबड्यायचा धंदा लावून देता म्हणून. सहदेवनं सांगतलं मले. सहदेव, सांगतलं का नाई?"

सहदेव बैलाकडे बघत होता. "हाव दादा," तो बैलाला म्हणाला.

भगवंतरावांचं तोंड उघडलं आणि, आयुष्यात पहिल्यांदाच, त्यातून आवाज आला नाही. नाही म्हणावं तर आलेल्या व्याह्याला रिकाम्या डालग्यानं परत धाडायचं? वरणाची गोष्ट तालुक्यात होती, डालग्याची जिल्ह्यात जाईल! काय बोलावं, ते जुळवत होते, तेवढ्यात नारायणराव पाटलांना आपली उतरलेली अब्रू सावरायची संधी दिसली. त्यांनी घसा साफ केला आणि सगळ्या गर्दीला ऐकू जाईल असं म्हणाले, "वा भगवंतराव, वा! अख्खा कळप जावयाले! असं काळीज पाह्यजे! मंडळी, याले म्हणतात देणं!"

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मग काय राहिलं?

घरी आल्यावर आशानं आईला स्वयंपाकघरात ओढलं. "आई, हा मसाला कशाचा वाटला तू? मामाजींनी माळ घातली! घरात कांद्याच्या वर काही येत नाई आता. यायलेही एवढ्यासाठीच तयार झाले, का कोंबड्या न्यायच्यात, खायच्या नाईत."

"मग माळ घातलेला माणूस कोंबड्या काऊन नेते?"

"म्हणतात, खाऊ नये असं हाये, पाळू नये असं कुठी हाये?"

रुक्मिणीबाईंनी वाटलेल्या मसाल्याकडे पाहिलं. तीळ, खोबरं, खसखस, सगळं भाजून तयार होतं. त्यांनी टोपलीतली वांगी काढली आणि कचाकचा चिरली. रस्सा झाला तो असा की भाकरी उभी केली तर उभी राहावी! गुलाबरावांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले. दुसरा घास घेतला आणि म्हणाले, "व्याही, गेलं ते वरण विसरलो मी! आमच्या मेहकरात सांगीन, रस्सा खावा तर व्याह्याच्या घरी!" सहदेव मात्र वाटीत चमचा तळापर्यंत घालून काहीतरी शोधत होता. प्रत्येक वेळी वांगंच वर येत होतं.

जेवण झाल्यावर आशा बापाजवळ आली. "बाबा," ती म्हणाली, "आता मी वरण केलं तरी तिकडं कोणी काही म्हणणार नाई." भगवंतरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. अंगणात गुलाबराव एकेक कोंबडी पाय बांधून डालग्यात घालत होते, कोंबडाही घालत होते, पण त्या घडीला भगवंतरावांना त्याचं काही वाटलं नाही. पाटलीण तेवढी राहिली. ती कुठे गेली हे रुक्मिणीबाई आणि सत्यभामाबाई, दोघींनाच माहीत होतं, आणि दोघीही सांगत नव्हत्या. दुसऱ्या दिवसापासून ती पूर्वीसारखीच दाणे इकडे खाऊन अंडं तिकडे घालू लागली, पण तो पुढचा भाग झाला.

आशा पंचमीसाठी माहेरी राहिली आणि भगवंतराव पाहुण्यांना पोचवायला दमणीतून देऊळगाव राजाच्या स्टँडवर गेले. गुलाबराव गाडीच्या टपावर चढून डालगं बांधून घेत होते आणि कंडक्टरशी कोंबड्यांच्या भाड्यावरून हुज्जत घालत होते. सहदेव खिडकीत बसला होता. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि सासऱ्याला जवळ बोलावलं.

"मामाजी, रागावू नका. निरोप 'खायले या' असाच होता."

"आँ?"

"दादानं माळ घातली, तेव्हापासून घरात बंद हाये सगळं. 'खायले' म्हटलं असतं तर ते आले नसते, अन् मलेबी येऊ दिलं नसतं. मी म्हटलं 'न्यायले'. वाटलं, बाकीच्या नेऊ, पण तुमी जावयासाठी एखादी तरी कापसान." त्याचा आवाज बारीक झाला. "मले का माहीत, वांगी कापसान!"

भगवंतरावांनी मान वर केली. टपावर त्यांची सगळी वर्षभराची मेहनत पंख फडफडवत होती.

"निदान अंडी तरी खासान?" त्यांनी विचारलं.

"नाई. अंडी दादा बाजारात विकणार. म्हणतात, माळ माह्या गळ्यात हाये, गिऱ्हाइकाच्या नाई."

भगवंतराव वळले आणि स्टँडच्या कोपऱ्यात एक बाई उकडलेली अंडी विकायला बसली होती, तिच्याकडे गेले. अंडी कागदात बांधून, वर मिठाची पुडी ठेवून त्यांनी ती खिडकीतून जावयाच्या हातात कोंबली. तेवढ्यात गुलाबराव टपावरून उतरून गाडीत शिरले.

"काय हाये रे ते?"

"लिंबं, दादा. गाडीत मळमळते मले."

गाडी धूळ उडवत निघाली. भगवंतराव पैसे द्यायला त्या बाईकडे परत गेले आणि सवयीनं एक अंडं उचलून कानाशी हलवून पाहू लागले.

"बिनघोर न्या, मालक," बाई म्हणाली. "विकतचं नाई हाये. आमच्या घरच्या कोंबड्यायचं हाये!"